शोकेसमधली कादंबरी

बर्डीवरच्या एका साडीवाल्यानं
आपली काच आम्हाला तीन दिवस दिली.
पुतळ्या हलवल्या. एक जड होती, ती राहिली,
लाल काठाची, हात पुढे केलेली,
आणि तिच्या शेजारी आम्ही पाच लेखक,
पाच प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कूलर,
एक कादंबरी, अजून सुरू न झालेली.

बाहेर डबा. डब्यावर गेडामच्या अक्षरात दर:
पात्राला तुमचं नाव, शंभर.
पाऊस पाडायचा असेल तर पन्नास.
लग्न लावायचं, पाचशे.
कुणाला मारायचं, हजार.
रोख.
पैसा मेडिकलमधल्या सिकलसेलच्या मुलांसाठी,
गोळ्या, तपासण्या, गावी परतायचं एसटीचं तिकीट.

मी वीज मंडळातला निवृत्त. एकतीस वर्षं
लोकांची बिलं दुरुस्त केली, रात्री रहस्यकथा लिहिल्या.
उघड्यावर लिहायची सवय नाही.
एक शब्द खोडला की काचेपलीकडून कुणीतरी:
"काहून खोडलं बाप्पा, चांगलं तर होतं."

पहिल्याच दुपारी
इतवारीचा एक लोखंडवाला पाच हजार टाकून गेला.
नायक मीच, म्हणाला, आणि उंच.
तासाभरात त्याचा चुलतभाऊ आला,
हजार मोजले. मारा त्याला.
येरपुडेबाईंनी शांतपणे मारला,
वर्धा रोडवर, ट्रकखाली.
संध्याकाळी लोखंडवाला परत. जिवंत करायचा दर
यादीत नव्हता.
गेडामनं उभ्या उभ्या लिहिला: दोन हजार.

असं चाललं.
कादंबरी बिघडत गेली, डबा जड होत गेला.
शाहीन म्हणाली, बिघडणारच आहे ना,
मग मजेत बिघडवू.
आणि कॉलेजच्या पोरांसाठी तिनं फुटाळ्यावर
अकरा वेळा पाऊस पाडला, भर एप्रिलमध्ये.
ढोबळे मात्र रुसले.
त्यांच्या प्रकरणातल्या विधवेचं
कुणीतरी पाचशे रुपयांत, त्यांना न विचारता,
लग्न लावून टाकलं होतं.
तर्री-पोहे खाऊन येतो म्हणाले, ते सहाला उगवले,
मिशीला तर्री. खुर्चीत बसले. बऱ्याच वेळानं विचारलं,
मुलगा तरी बरा आहे ना?

तिसऱ्या दिवशी माझी पाळी.
माझ्या प्रकरणात एक मुलगी आजारी होती.
मी लिहिलं: तिच्या गुडघ्यांत असह्य वेदना होत होत्या.
पान काचेला चिकटवलं.

बाहेर एक पोरगी वाचत होती,
तेरा-चौदाची, डोळ्यांत पिवळट झाक,
हातात औषधांची पिशवी, मागे बाप,
बस चुकेल, बस चुकेल म्हणणारा.
तिनं काचेवर टकटक केलं.
मी कूलर बंद केला, दार किलकिलं केलं.

"असं नसते," ती म्हणाली.
"असह्य म्हणजे काय? सहन तर कराच लागते.
हाडात कोणी घर बदलून राहिलं, असं वाटते.
जड कपाट ओढत नेते, रातभर,
अन् दारच सापडत नाही त्याले."

वाक्याचा दर यादीत नव्हता.
बापानं खिशात हात घातला. मी नको म्हटलं.
घ्या जी, म्हणत त्यानं दहाची नोट टाकलीच.
डबा कुणासाठी आहे
हे त्याला ठाऊक नव्हतं, किंवा होतं.

मी माझं वाक्य खोडलं.
या वेळी पलीकडून कुणी काही बोललं नाही.
तिचं लिहिलं, तिच्या "त्याले"सकट.
येरपुडेबाई म्हणाल्या, निदान प्रमाण भाषेत आणा.
मी तेवढं ऐकलं नाही.

एक लाख सदतीस हजार चारशे वीस,
शिवाय एक फाटकी पन्नासाची.
कादंबरी छापली नाही, छापण्यासारखी नव्हतीच.
नायक दोनदा मेला होता,
त्या पुतळीलाही शंभर रुपयांत कुणी नाव देऊन गेलं होतं,
मंगला. तिला शेवटपर्यंत काही कामच मिळालं नाही.

पानं माझ्याकडे आहेत,
चिकटपट्टीचे डाग आता मधासारखे झालेत.
त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं.
घरात कधी काही हलवायचं झालं,
पलंग, गोदरेजचं कपाट,
तर मी शेजारच्या दोघांना हाक मारतो
आणि आम्ही ते उचलून नेतो.
ओढू देत नाही.